पोलिशचा वर्ग सहाव्या आठवड्यात फुटतो, त्यावर काय करता येतं

बेळगावच्या टिळकवाडीत एका टेलरच्या दुकानावरच्या खोलीत मी संध्याकाळी साडेसहा ते आठ पोलिश शिकवते. बॅच चौदा-पंधरा जणांची. उद्यमबागेत सीएनसी मशिनवर काम करणारे दोघं-तिघं असतात, पोलंडमधल्या कारखान्यात जायचं म्हणून आलेले. मेडिकलला तिकडं जाणारी दोन-तीन मुलं असतात. नवरा पोलंडच्या व्रॉत्सवाफ शहरात आहे आणि व्हिसा आला की जायचंय, अशी निपाणीची एखादी सून असते. कोण मराठी शाळेतून आलेलं, कोण कन्नड शाळेतून, कोण कॅम्पातल्या इंग्रजी शाळेतून. वय अठरापासून चाळिशीपर्यंत.

दर बॅचला एकच दुखणं. पहिले पाच आठवडे मजेत जातात. 'जेन दोब्री', 'चेश्च', नाव काय, गाव कुठलं, चहा हवा की कॉफी. सहाव्या आठवड्यात भूतकाळ आणि विभक्ती सुरू होतात आणि वर्ग उभा फाटतो. तिघं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देतात, चौघं शेजाऱ्याच्या वहीत बघून लिहितात, बाकीचे मान खाली घालून बसतात. आठव्या आठवड्यात दोघांचे मेसेज येतात, "मॅडम, शिफ्ट बदलली." शिफ्ट बदललेली नसते हे त्यालाही माहीत असतं आणि मलाही.

सीमाभागात कुठलीही परकी भाषा, जर्मन असो नाहीतर जपानी, मिसळ वर्गाला शिकवणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. म्हणून काय करून बघितलं, काय फसलं आणि काय चाललं ते लिहिते.

आधी फसलेले उपाय

पहिला उपाय कुणालाही सुचतो तोच: दोन गट करा, हुशारांचा वेगळा आणि मागे पडलेल्यांचा वेगळा. एकदा केले. तीन आठवड्यांत दुसऱ्या गटानं स्वतःचं नाव 'ढ बॅच' ठेवलं, तेही हसत हसत, आणि मग खरोखरच तसं वागायला लागले. शिवाय खोलीचं भाडं तेवढंच आणि माझे तास दुप्पट. ते जमण्यासारखं नव्हतं.

दुसरा उपाय, मधल्यांच्या वेगानं शिकवायचं. त्यात पुढचे कंटाळतात आणि मागचे तरीही मागेच राहतात. तिसरा, पुढच्यांना जास्तीचा अभ्यास द्यायचा. आठवडाभरात त्यांना कळतं की लवकर संपवणं ही शिक्षा आहे, मग तेही हळू लिहायला लागतात.

चौथ्या उपायाचा मला फार अभिमान होता. पोलिशमध्ये सात विभक्त्या आहेत. मी फळ्यावर शाळेतला तक्ता मांडला: प्रथमा म्हणजे म्यानोव्निक, षष्ठी म्हणजे दोपेव्न्याच, चतुर्थी म्हणजे त्सेलोव्निक, द्वितीया म्हणजे ब्येर्निक, तृतीया म्हणजे नाझेन्द्निक, सप्तमी म्हणजे म्येय्स्त्सोव्निक, संबोधन म्हणजे वोवाच. पंचमी पोलिशमध्ये नाही, 'घरातून' म्हणायलाही षष्ठीच लागते. मराठी माध्यमाची मुलं खूश झाली, 'स-ला-ते'च्या चालीवर पोलिश प्रत्यय म्हणायला लागली. अथणीचा कन्नड माध्यमाचा मुलगा माझ्याकडं बघत राहिला. आणि तक्ता धडाधडा म्हणणाऱ्यांनाही "माझ्याकडं वेळ नाही" एवढं पोलिशमध्ये सांगता येईना. तक्ता आता वहीच्या शेवटच्या पानावर असतो, बघायला. पाठ करायला नाही.

दुखणं नेमकं कुठं आहे

एका रविवारी मी चौदा वह्या घरी आणल्या आणि चुका मोजायच्या सोडून वेगळ्या काढल्या. कुणाच्या किती हे न बघता कुठल्या जातीच्या आहेत ते बघितलं. दुपारपर्यंत जेवणाच्या टेबलावर तीन ढीग तयार झाले. चुकांची मुळं घरच्या नाहीतर शाळेच्या भाषेत होती. ज्याला मी मठ्ठ समजत होते तो मुलगा एका ढिगात कुठंच नव्हता, आणि पुढच्या बाकावरची हुशार मुलगी दुसऱ्या ढिगात सगळ्यांत वर होती.

तेव्हापासून मिसळ वर्ग म्हणजे कमी-जास्त डोक्याची माणसं असं मी धरत नाही. प्रत्येकाच्या पायाखाली वेगवेगळी जमीन असते, कुठं खडक, कुठं चिखल. तीच जमीन आता एकेका चुकीला धरून सांगते.

मुली पुरुषासारखं बोलतात

ही सगळ्यांत जास्त येणारी चूक, आणि माझी स्वतःची.

पोलिशमध्ये भूतकाळात 'मी' बोलतानाही लिंग दिसतं. पुरुष म्हणतो 'बिवेम', मी होतो. बाई म्हणते 'बिवाम', मी होते. पोषेदवेम, मी गेलो. पोषवाम, मी गेले. पुस्तकी मराठीत नेमकं असंच आहे, म्हणून मला वाटायचं मराठी मुलींना हे फुकटात मिळणार. पण खानापूर, निपाणी, कोल्हापूर या पट्ट्यात कित्येक घरांत बायका सरळ "मी येतो", "मी गेलो" म्हणतात. माझी आई म्हणते, मीही घरी म्हणते. पोलंडमध्ये असताना मी शेजारच्या आजीबाईंना सांगितलं, "बिवेम फ स्क्लेपिये", दुकानात होतो. त्यांनी आधी माझ्याकडं आणि मग माझ्या मागं कोण पुरुष उभा आहे का ते बघितलं.

तर खानापूरची मुलगी 'बिवेम' लिहिते. इंग्रजी माध्यमाची मुलगीही लिहिते, कारण इंग्रजीत भेदच नाही. कन्नड घरातली मुलगीही लिहिते, कारण कन्नडमध्ये 'नानु होदे' बाईही म्हणते आणि बाप्याही. चूक एकच, वाटा तीन.

नुसतं लाल पेनानं दुरुस्त करून उपयोग होत नाही. सहा महिने केलं. "पुस्तकात मी गेले असतं ना, तसं" हे सांगूनही उपयोग होत नाही, उलट मुलींना वाटतं त्यांच्या घरची बोली चुकीची आहे. ती चुकीची नाही, आणि ते वर्गात मोठ्यानं सांगावं लागतं. उपाय तिसऱ्या पुरुषातून जातो. आमच्या बोलीतही 'ती गेली' शाबूत आहे, "ती गेला" कुणी म्हणत नाही. कन्नडमध्येही 'अवळु होदळु' आणि 'अवनु होद' वेगळे आहेत. पोलिशमध्ये 'ती होती' म्हणजे 'ओना बिवा'. त्याला नुसता 'म' चिकटवला की 'बिवाम'. 'ओना पोषवा', ती गेली. 'म' लावा, 'पोषवाम'. म्हणजे मुलीनं आधी मैत्रिणीबद्दल बोलायचं आणि मग 'म' लावून स्वतःबद्दल. जोडीनं बसवते, एक म्हणते "ओना बिवा", दुसरी लगेच "बिवाम". दहा मिनिटं, चार दिवस. चूक पुरती जात नाही, पण मुलगी स्वतःच मध्ये थांबून सुधारते. माझ्या हिशेबी तेवढं पुरे.

मुलगे पुस्तकाप्रमाणे बाई होतात

याच्या उलट चूक मराठी मुलांची, आणि ही कळायला मला दोन बॅच लागल्या. चांगला अभ्यासू मुलगा, 'पोषेदवेम' बरोबर लिहितो, 'बिवेम' बरोबर लिहितो आणि मध्येच 'चितावाम क्शॉन्श्के' लिहितो, म्हणजे बाईच्या तोंडचं 'मी पुस्तक वाचलं'. निष्काळजीपणा वाटतो. तो नसतो. मराठीत कर्म असलं की क्रियापद कर्माकडं बघतं: मी पेपर वाचला, मी कादंबरी वाचली, मी पत्र वाचलं. पोलिशमध्ये पुस्तक, म्हणजे क्शॉन्श्का, स्त्रीलिंगी. मुलाचं डोकं मराठी हिशेब करतं आणि क्रियापदाला स्त्रीलिंग लावतं. त्याच्या बाजूनं बघितलं तर तो अगदी बरोबर आहे.

उपाय सोपा आहे. कर्म बदलत जायचं आणि क्रियापदाला हात लावायचा नाही. चितावेम क्शॉन्श्के, पुस्तक. चितावेम गाझेते, वर्तमानपत्र. चितावेम लिस्त, पत्र. मी फळ्यावर कर्म पुसून नवं लिहीत जाते, मुलगा तेच 'चितावेम' म्हणत राहतो. सातव्या-आठव्या शब्दाला त्याच्या चेहऱ्यावर कळतं.

इथं एक गंमत आहे. आपल्या सीमाभागात काही घरांत "मी काम केलो", "मी भाकरी खाल्लो" असं बोलतात, कन्नडच्या सहवासानं. शाळेत या 'केलो'साठी कितीजणांनी छडी खाल्ली असेल. पोलिशच्या वर्गात हीच मुलं पहिल्या दिवशी बरोबर असतात, कारण त्यांचं क्रियापद आधीपासूनच बोलणाऱ्याकडं बघतं. पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो महिनाभर तोंड उघडत नव्हता, म्हणाला, "म्हणजे मॅडम, माझंच बरोबर हाय?" त्या दिवसापासून तो पुढच्या बाकावर आला.

कन्नडवाल्यांना पुढं बसवायचे धडे

काही धडे असे आहेत की कन्नड मुलगाच शिक्षक होऊ शकतो. मी ते मुद्दाम सहाव्या-सातव्या आठवड्यातच घेते.

एक म्हणजे आकडे. मराठीत पंचवीस म्हणजे आधी पाच, मग वीस. कन्नडमध्ये इप्पत्तैदु, आधी वीस, मग पाच. पोलिशही तसंच, द्वाजेश्च्या प्येन्च. फोन नंबर सांगा म्हटलं की मराठी मुलं अडखळतात आणि अथणीचा मुलगा सरसर लिहून वर बघतो.

दुसरा धडा 'ते' या शब्दाचा. पोलिशमध्ये अनेकवचनाला 'ओनी' आणि 'ओने' असे दोन शब्द आहेत. गटात एक जरी पुरुष माणूस असेल तर ओनी. बाकी सगळं, बायका, कुत्री, टेबलं, ओने. क्रियापदही बदलतं, बिली आणि बिवी. मराठी मुलं इथं तीन लिंगं शोधत बसतात, ते-त्या-ती. कन्नड मुलाला अनेकवचनात माणूस आणि बिनमाणूस असा भेद जन्मापासून ठाऊक आहे, अवरु आणि अवु, त्यामुळं कल्पना लगेच पकडतो. फक्त एक धोका: कन्नडमध्ये बायकाही 'अवरु'तच, म्हणून तो त्यांना 'ओनी'त बसवतो. तेवढं एक दुरुस्त करावं लागतं. मराठीत "नवरा-बायको आली" म्हणताना मिसळ जोडी नपुंसकात जाते, पोलिशमध्ये ती पुरुषाच्या खात्यात. शंभर बायकांत एक बाप्या शिरला की सगळ्याजणी ओनी. निपाणीच्या सूनबाईंनी यावर जे मत दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

उलटा धडा कर्माचा. वीद्झे दोम, मी घर बघतो. वीद्झे प्सा, मी कुत्र्याला बघतो. घर बदललं नाही. कुत्रा 'प्येस' होता, तो 'प्सा' झाला. पुल्लिंगी सजीवाला वेगळं रूप. इंग्रजी माध्यमवाल्यांना हे विचित्र वाटतं, पण आपण 'घर बघतो' आणि 'कुत्र्याला बघतो' म्हणतोच की. मराठी मुलांना एक वाक्य पुरतं. कन्नडवाल्यांनाही सोपं जातं, निर्जीव कर्माचा 'अन्नु' बोलताना तेही खुशाल गाळतात. त्या दिवशी कॅम्पातली मुलगी मागं आणि उद्यमबाग पुढं.

कुणाचीच भाषा मदतीला येत नाही असेही धडे आहेत. 'नाही' आलं की षष्ठी: माम क्शॉन्श्के, माझ्याकडं पुस्तक आहे, न्ये माम क्शॉन्श्की, नाही. पाच किंवा जास्त झाली की परत षष्ठी: द्व्ये क्शॉन्श्की, प्येन्च क्शॉन्झेक. बारा ते चौदालाही षष्ठी, पण बावीस ते चोवीसला परत दोनासारखं. इथं सगळे एका रेषेवर उभे राहतात. फाटलेल्या वर्गाला एकत्र आणायला असा धडा फार उपयोगी, म्हणून तो मी सोमवारी घेते.

उच्चार: कृपया आणि डुकराचं पिल्लू

पोलिशमध्ये 'च'चे तीन प्रकार आणि 'श'चेही दोन. मराठी माणसाला यातले दोन 'च' आयते मिळतात, चमच्यातला आणि चिवड्यातला. तिसरा जीभ 'ट'च्या जागेकडं मागं नेऊन म्हणायचा. कन्नड मुलांकडं चमच्यातला 'च' नाही, ते तिथं 'स' नाहीतर चिवड्यातला 'च' घालतात. त्यांना 'त' आणि 'स' एका झटक्यात म्हणायला लावते, 'त्सुनामी'तल्यासारखं. दोन दिवसांत येतो.

'श' जास्त त्रास देतो. 'प्रोषे' म्हणजे कृपया. 'प्रोशे' म्हणजे डुकराचं पिल्लू. आपण शाळेत पोटफोड्या 'ष' लिहायला शिकलो, म्हणायला कुणी शिकवला नाही. तो खरा षटकोनातला 'ष' इथं कामाला येतो. वर्गात जो 'प्रोशे' म्हणेल त्याला बाकीच्यांनी "कुठाय?" विचारायचं, पिल्लू कुठाय. हा खेळ नववी-दहावीच्या मुलांसारखा आहे, पण चाळिशीचे फिटरसुद्धा खेळतात.

इंग्रजी माध्यमवाल्यांची अडचण कानाची नाही, डोळ्याची आहे. रोमन अक्षर दिसलं की ते इंग्रजी वाचतात. जे दिसला की 'ज', म्हणून 'या', म्हणजे मी, याचं 'जा' होतं. डब्ल्यूचा उच्चार 'व', सी म्हणजे चमच्यातला 'च', एलवर आडवी रेघ असली की तो इंग्रजी डब्ल्यूसारखा ओठ गोल करून. पहिल्या महिन्यात सगळ्यांत पुढं असणारी हीच मुलं पुढं चुकीच्या उच्चाराला चिकटून बसतात. मराठी शाळेची मुलं देवनागरीत लिहून घेतात, त्यांचा उच्चार साफ असतो, पण परीक्षेत स्पेलिंग येत नाही. माझा नियम: तीन आठवडे देवनागरी चालेल, चौथ्यापासून वहीत देवनागरी दिसली तर पान उलटून परत लिहायचं. तीनच का, तर दोनात उच्चार बसत नाही आणि पाचात सवय लागते. बाकी हिशेब नाही.

गप्प बसणारा माणूस

प्रत्येक बॅचमध्ये एकजण असा असतो की पस्तिशी ओलांडलेला, पंधरा-वीस वर्षांत पेन हातात धरलेला नाही, आणि अठरा वर्षांच्या मुलींसमोर चुकायला तयार नाही. त्याच्या बाबतीत घरभाषेचा ढीगही काही सांगत नाही, कारण त्याची वही कोरी असते.

अशा एकाला मी तृतीया विभक्तीनं बोलतं केलं. पोलिशमध्ये तिचं नाव नाझेन्द्निक, आणि 'नाझेन्द्झे' म्हणजे हत्यार, अवजार. नावातच हत्यार असलेली विभक्ती. मी त्याला विचारलं, तुम्ही दिवसभर कशानं काय काय करता? तो म्हणाला, पान्यानं नट सोडवतो, कानशीनं घासतो, हातोडीनं ठोकतो. मी फळ्यावर तिन्ही लिहिली: क्लुचेम, पिल्निक्येम, म्वोत्क्येम. क्लुच म्हणजे पाना, आणि किल्लीही क्लुचच. त्याला हे आवडलं, दोन्हीनं उघडायचंच असतं म्हणाला. मग त्या दिवशी त्यानं फिटिंगच्या सगळ्या हत्यारांची नावं विचारली आणि मला घरी जाऊन शब्दकोश उघडावा लागला.

नेमकं इथंच बाकीचे चुकतात. इंग्रजीच्या सवयीनं ते 'पेनासह लिहितो' असं काहीतरी करतात, मध्ये 'झ' हा शब्दयोगी घालतात. तो 'झ' सोबत्याला लागतो, हत्याराला नाही. मित्राबरोबर गेलो, तिथं 'झ'. पेनानं लिहिलं, तिथं नुसतं 'द्वुगोपीसेम'. मराठीचं 'नं' आणि 'बरोबर' अगदी असंच वागतं. हे त्या दिवशी मुलींना त्यानंच समजावलं.

एक धडा, तीन कामं

धडा सगळ्यांना एकच द्यायचा आणि त्यावरचं काम वेगवेगळं. हे कुठल्याही शिक्षकाला माहीत असतं, अडतं ते असा धडा मिळण्यात. माझा हुकमी धडा वळिवड्याचा आहे. इथून शंभरेक किलोमीटरवर, कोल्हापूरजवळ वळिवडे. दुसऱ्या महायुद्धात रशियानं पूर्व पोलंडमधून सायबेरिया आणि कझाकस्तानकडं हाकललेली माणसं इराणमार्गे हिंदुस्थानात आली, आणि १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. तिथं त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची. कोल्हापुरात महावीर गार्डनमध्ये त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, आणि वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. निपाणीच्या सूनबाईंचं माहेर गडहिंग्लजचं. त्यांनी हे पहिल्यांदा वर्गात ऐकलं आणि रविवारी नवऱ्याला व्हिडिओ कॉलवर परीक्षा घेतल्यासारखं विचारलं.

आठ ओळींचा मजकूर. ज्यांना नुसतं वाचताच येतं त्यांनी गावं आणि साल शोधून खाली रेघ मारायची. मधल्यांनी वर्तमानकाळाचा भूतकाळ करायचा. पुढच्यांनी छावणीतली दहा वर्षांची मुलगी होऊन 'मी'मध्ये लिहायचं, म्हणजे मुलग्यांनाही 'बिवाम' लिहावंच लागतं आणि कर्माकडं बघायची सवय परत तपासली जाते. शेवटी पहिल्या गटानं शोधलेली गावं आणि सालं दुसऱ्या-तिसऱ्या गटाला वापरावीच लागतात, नाहीतर गोष्ट पुरी होत नाही. जोडी कधी हुशार-ढ अशी लावत नाही. त्या दिवशीच्या धड्याला कुणाची जमीन पक्की आहे ते बघून लावते, आणि ती दर आठवड्याला बदलते.

भरभर उत्तर देणाऱ्यांसाठी एकच नियम: मी वर केलेलं बोट खाली येईपर्यंत उत्तर वहीत, तोंडात नाही. पहिल्या आठवड्यात त्यांना त्रास होतो. होऊ दे.

फळ्याचाही एक भाग आहे. बेळगावात पाटीवर कुठली भाषा वर आणि किती मोठी, यावर काय काय होऊ शकतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. माझ्या फळ्यावर मध्ये मोठ्या अक्षरांत पोलिश, डावीकडं मराठी, उजवीकडं कन्नड, दोन्ही एका उंचीवर. समजावणं दोन वाक्यांपेक्षा जास्त कुठल्याच भाषेत करत नाही. माझं कन्नड बाजारातलं आहे, भाजी घेण्यापुरतं. ते ऐकून कन्नड मुलं हसतात, आणि शिक्षिकाही चुकते हे बघितल्यावर त्यांचं तोंड उघडतं. मुद्दाम चुकत नाही, तेवढंच येतं.

अजून न सुटलेलं

क्रियापदांच्या जोड्या, पूर्ण झालेलं आणि चालू असलेलं, पिसाच आणि नापिसाच. "लिहिलं" आणि "लिहून काढलं" एवढ्यापर्यंत मराठीनं जाता येतं, कन्नडच्या 'बिट्टे'नंही तेवढंच. त्यापुढं दोन्ही वाटा संपतात आणि पोलिश स्वतःच्या मर्जीनं चालतं. इथं मी वाक्यं पाठ करून घेते आणि कारण विचारलं तर "नंतर" म्हणते.

दुसरं, मधूनच येणारे. ऑफर लेटर आलं की माणूस सातव्या आठवड्यात जिन्यातून वर येतो आणि फी आजच भरतो म्हणतो. त्याला परत पाठवणं जमत नाही. मी चाळीस वाक्यांचा एक कागद केलाय, पहिल्या सहा आठवड्यांचं सार. तो नवा माणूस आणि कागद मी त्या महिन्यात सगळ्यांत मागं असलेल्याकडं सोपवते, पुढच्याकडं नाही. मागच्याला चाळीस वाक्यं दुसऱ्याला शिकवण्यासाठी पहिल्यांदा नीट वाचावी लागतात. गेल्या बॅचला चिक्कोडीचा एक मुलगा असा आला आणि मी त्याला त्या गप्प फिटरकडं दिलं. दुसऱ्या दिवशी मी फळा पुसत होते तेव्हा मागून आवाज आला, "प्रोशे नाही रे, प्रोषे. जीभ मागं घे. अजून मागं. हां."